घरचा मिस्त्री आणि उरलेली पिन



ज्या घरी दुचाकी असते, त्या घरी बहुधा एक मिस्त्रीही असतो. कुठे ते बाबा असतात, कुठे काका, तर कुठे अकरावीतला दादा. दोन पाने, एक पेचकस, एक पक्कड आणि भरपूर आत्मविश्वास एवढेच त्याचे भांडवल. रविवारी सकाळी अंगणात पोते अंथरले जाते, गाडी मोठ्या स्टँडवर चढते आणि संध्याकाळी तीच गाडी ढकलत खऱ्या मिस्त्रीच्या दुकानी न्यावी लागते. वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "काय झालं गुरुजी?" आणि आपण म्हणतो, "काही नाही, पेट्रोल संपलं."

हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. आजचा धडा त्याच वाक्याबद्दल आहे. त्याआधी घरच्या दुरुस्तीत होणाऱ्या काही फजित्या पाहू. प्रत्येक फजितीमागे विज्ञानाचा एखादा साधा नियम दडलेला असतो.

बोल्ट कोणत्या बाजूने फिरवायचा?

घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवला की बोल्ट घट्ट होतो आणि उलट फिरवला की सैल होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही इंजिनचे ऑइल बदलताना पुष्कळ जण इथेच फसतात. ऑइल सोडण्याचा बोल्ट इंजिनच्या तळाशी असतो आणि त्याचे डोके जमिनीकडे असते. आपण वरून वाकून पाहतो. वरून जी दिशा सैल करण्याची वाटते, ती खालून पाहिल्यास घट्ट करण्याची असते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचा बोल्ट असाच "हलेना", म्हणून त्यांनी पान्याला लोखंडी पाइप लावून जोर दिला. बोल्ट पोलादाचा, इंजिनचे आवरण अॅल्युमिनियमचे. अॅल्युमिनियम मऊ असल्यामुळे आतले आटेच निघून आले. पाइपमुळे पान्याचा दांडा लांब झाला आणि तेवढ्याच जोराने बोल्टवर कितीतरी जास्त पीळ पडला. तरफेचा नियम आपण वर्गात शिकतो, तो इथे असा भेटतो.

म्हणून नियम असा की, आपण बोल्टच्या डोक्यासमोर तोंड करून उभे आहोत अशी कल्पना करावी आणि मग दिशा ठरवावी. याला थोडे अपवादही आहेत. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे मुद्दाम उलटे असतात. तसे नसते, तर पायडल मारता मारता ते हळूहळू सैल झाले असते.

ऑइलची दुसरी फजिती आणखी सोपी आहे. खालचा बोल्ट लावायचा राहतो आणि वरून नवे ऑइल ओतले जाते. सकाळी आईने घातलेल्या सड्यावर मग ऑइलचा सडा पडतो. असे कोणत्या घरी झाले, हे मी सांगणार नाही.

सगळे खोलले, कारण मात्र वरच होते

गाडी सुरू होत नाही. घरचा मिस्त्री प्लग काढतो, घासतो, परत लावतो. मग कार्बोरेटर उघडतो. बारीक जेट, स्प्रिंग, फ्लोट असे सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडले जातात. तीन तास जातात. शेजारची चौथीतली मुलगी येते आणि विचारते, "काका, हे लाल बटण कशाचं आहे?" ते इंजिन बंद करण्याचे बटण असते आणि ते बंद स्थितीत असते. पूर्वीच्या गाड्यांत हीच करामत पेट्रोलचा कॉक करीत असे.

1 एप्रिल 2020 पासून देशात बी.एस.-6 हे प्रदूषणाचे मानक लागू झाले. तेव्हापासून नव्या दुचाकींमध्ये बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर जाऊन त्याजागी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आले. जुन्या गाडीवर शिकलेली युक्ती नव्या गाडीवर चालेलच असे नाही. पण तपासणीचा क्रम तोच राहिला आहे. जे सर्वांत सोपे ते आधी पाहावे. किल्ली, बटण, पेट्रोल, बॅटरी. पाना हातात घ्यायचा तो त्यानंतर.

बॅटरी आणि ठिणगी

दुचाकीची बॅटरी फक्त 12 व्होल्टची असते. हात लावला तर झटका बसत नाही, त्यामुळे तिची भीती वाटत नाही. भीती वेगळ्याच गोष्टीची हवी. आपल्या बहुतेक गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. धन टोकाचा नट सोडवताना पान्याचे दुसरे टोक सांगाड्याला टेकले, तर पाना हीच विजेची वाट होते. पान्याचा रोध अगदी कमी, म्हणून प्रवाह प्रचंड. दहावीत शिकलेला ओहमचा नियम इथे ठिणगी होऊन दिसतो. बोटात अंगठी किंवा मनगटावर धातूचा पट्टा असेल, तर तो क्षणात तापून चटका देतो.

म्हणून सोडवताना ऋण टोक आधी आणि जोडताना ऋण टोक शेवटी. ऋण टोक सुटलेले असेल, तर पाना सांगाड्याला लागूनही मंडल पूर्ण होत नाही.

चारचाकीच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट जॅकची. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी मऊ होते. तिच्यावर जॅक लावला, तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. जॅकखाली जाड फळी ठेवावी, दुसऱ्या चाकांना दगड लावावेत आणि चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच थोडे सैल करावेत. नाहीतर चाक हवेत गरगर फिरते आणि पाहणाऱ्यांची करमणूक होते. मात्र केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. इथे फजिती होत नाही, थेट जीव जातो.

दुसरी गोष्ट रेडिएटरची. गाडी तापली की झाकण उघडून पाणी घालावे असे वाटते. पण रेडिएटर हा एका अर्थाने प्रेशर कुकरच आहे. दाबामुळे आतले पाणी 100 अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण फिरवताच दाब उतरतो, पाण्याची एकदम वाफ होते आणि ती तोंडावर येते. शिट्टी न काढता आई कुकर उघडते का? मग आपणही इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे.

उरलेली पिन

आता माझी स्वतःची गोष्ट. बरीच वर्षे झाली, पण ती मी अजून विसरलेलो नाही.

पोळ्याचा सण होता. आमच्या घरी बैल राहिले नव्हते. वडील गमतीने म्हणायचे, "आता मोटरसायकल हाच आपला बैल." म्हणून तिलाच धुऊन, हार घालून पूजायची असे ठरले. खांदमळणीच्या दिवशी लोक बैलांचे खांदे मळत होते आणि मी अंगणात मागचे चाक खोलून ब्रेक साफ करीत बसलो होतो. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, मिस्त्रीकडे दे ना." मी म्हणालो, "यात काय आहे? अर्ध्या तासाचं काम."

चाक बसले, ब्रेक लागला, गाडी फिरली. आणि सामान ठेवलेल्या वाटीत एक लहानशी पिन उरली. दुमडलेल्या तारेची असते तशी. ती कुठली, हे मला थोड्या वेळाने आठवले. मागच्या ब्रेकच्या टॉर्क रॉडच्या नटापुढे ती होती. पुन्हा खोलायचे म्हणजे भावापुढे चूक कबूल करायची. मी मनाची समजूत घातली, "नट तर चांगला आवळला आहे." पिन शर्टाच्या खिशात टाकली आणि गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. गावातली दुकाने बंद. नंतर तो विषय मीच टाळला.

पुढच्या शनिवारी भाऊ आईला मागे बसवून सौसरजवळच्या जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला निघाला. मी दारात उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर पुरे होते. बोललो नाही. वाटेत मागून खडखड ऐकू येऊ लागली, म्हणून भावाने रस्त्यावरच्या एका मिस्त्रीला गाडी दाखवली. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, ही गाडी कोणी खोलली होती? याच्यात पिनच नाही. नट पार शेवटच्या आट्यावर आला आहे."

मित्रहो, टॉर्क रॉडचे काम काय, ते समजून घ्या. ब्रेक दाबला की आतले शू फिरत्या ड्रमला घासतात. ड्रम त्यांना आणि ज्या प्लेटवर ते बसवले आहेत त्या प्लेटलाही स्वतःबरोबर फिरवू पाहतो. त्या प्लेटला जागेवर धरून ठेवतो तो हा रॉड. तो सुटला, तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते, ब्रेकचा दांडा ओढला जातो आणि धावते चाक जागच्या जागी अडकू शकते. गाडीच्या हादऱ्यांनी कोणताही नट हळूहळू सैल होतो. तो पूर्ण निघून पडू नये म्हणून पुढे ती पिन. दोन रुपयांची वस्तू. तिच्यावर त्या दिवशी माझी आई आणि माझा भाऊ बसले होते.

संध्याकाळी भावाने विचारले, "दादा, तुझ्याजवळ पिन उरली होती का?" सगळे समोर बसलेले. मी म्हणालो, "नाही."

आई उठली, देवघराच्या फळीवरून काहीतरी उचलले आणि माझ्यासमोर ठेवले. तीच पिन. शर्ट धुताना तिला खिशात सापडली होती आणि कामाची असेल म्हणून तिने जपून ठेवली होती. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "चूक झाली म्हणून कोणी काही म्हटलं नसतं रे. सांगितलं असतंस, तर आम्ही बसनं गेलो असतो."

पिन विसरणे ही चूक होती आणि ती पाच मिनिटांत दुरुस्त झाली असती. धोका निर्माण केला तो माझ्या लाजेने. "पेट्रोल संपलं" म्हणणारा मी आणि "नाही" म्हणणारा मी, दोघे एकच.

बर्था बेंझ यांनी काय केले?

आता उलट बाजूचे एक उदाहरण. ऑगस्ट 1888 मध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाची स्त्री, पती कार्ल बेंझ यांना न सांगता, त्यांनी बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन निघाली. सोबत दोन किशोरवयीन मुलगे. मानहाइमपासून माहेरच्या फोर्झहाइमपर्यंत शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास, म्हणजे साधारण आपल्या पांढुर्ण्याहून नागपूर गाठण्याइतका. मोटारीने केलेला हा जगातला पहिला लांबचा प्रवास मानला जातो.

वाटेत गाडीने खूप त्रास दिला. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या तारेला आवरण म्हणून मोज्याचा बंद वापरला. इंधन औषधाच्या दुकानातून घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. ब्रेक झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले.

परत आल्यावर तिने काय केले, ते महत्त्वाचे. गाडी उत्तम चालली एवढेच सांगून ती थांबली नाही. काय बिघडले, कुठे ढकलावी लागली, तेही तिने सांगितले. त्यानंतर चढासाठी आणखी एक गिअर जोडला गेला आणि ब्रेकला चामड्याचे अस्तर आले. आजचे ब्रेक लायनर त्याच कल्पनेचे वंशज. नवऱ्याच्या गाडीचे दोष झाकावेत असे तिला वाटले असते, तर गाडी सुधारली नसती.

घरच्या मिस्त्रीसाठी पाच नियम

1. खोलण्याआधी पाहा, आणि मोबाईल असेल तर प्रत्येक पायरीचा फोटो काढा.
2. काढलेले नट-बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने कागदावर मांडा. काही उरले, तर गाडी रस्त्यावर नेऊ नका.
3. पेट्रोलने भाग धुऊ नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरत दूरच्या दिव्यापर्यंत किंवा चुलीपर्यंत पोहोचते.
4. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाक यांचे काम घरी केलेच, तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय दुसऱ्या कोणाला गाडी देऊ नका.
5. चूक झाली तर त्याच दिवशी, गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला सांगा.

स्वाध्याय

1. पातळ कागदावर घड्याळ काढून काट्यांची दिशा दाखवा. कागद उलटा करून उजेडासमोर धरा. दिशा कशी दिसते? ऑइलच्या बोल्टशी त्याचा संबंध लिहा.
2. घरातल्या मोठ्यांना त्यांच्या दुरुस्तीची एखादी फजिती विचारा. त्यामागचे वैज्ञानिक कारण पाच ओळींत लिहा.
3. तुम्ही झाकलेली एखादी चूक आठवा. ती लिहू नका. ज्याला सांगायला हवी होती, त्याला सांगा.

पालकांना एक विनंती. मुलाने गाडी खोलून बिघडवली, तर पहिला प्रश्न "कोणी सांगितलं होतं?" असा नसावा. "काय काय निघालं होतं?" असा असावा. पहिल्या प्रश्नाने मूल गप्प होते, दुसऱ्याने पिन बाहेर येते.

विश्वस्त मंडळालाही एक सूचना. एखादी भंगारातली दुचाकी आणि साध्या पान्यांचा संच शाळेला मिळाला, तर मुलांना बिघडवण्यासाठी हक्काची गाडी मिळेल. बाजूला एक वही ठेवू आणि तिच्यात काय चुकले ते ज्याने त्याने स्वतः लिहावे. त्या वहीतली पहिली नोंद मी करीन.