'हीडफुल' : एका इंग्रजी शब्दाच्या निमित्ताने

आमच्या इंग्रजी विभागात प्रगतिपुस्तके लिहिण्याचे काम वर्षातून दोनदा येते आणि त्या आठवड्यात एक शब्द आमच्या लेखणीतून इतर सर्व शब्दांपेक्षा अधिक वेळा उतरत असे. तो शब्द म्हणजे 'केअरलेस'. गणितात हातचा विसरला, केअरलेस. वहीचे पान फाटले, केअरलेस. सकाळच्या वंदनेला उशिरा आला, केअरलेस. काही वर्षांपूर्वी शेतमजुरी करणाऱ्या एका मातेने प्रगतिपुस्तकातील त्या शब्दावर बोट ठेवून त्याचा अर्थ विचारला. आम्ही 'निष्काळजी' असे सांगितले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, सुट्टीत घरी आला की धाकटीला न्हाऊ-जेवू घालून मगच हा खेळायला जातो. म्हातारीच्या गोळ्या ह्याच्याच ध्यानात राहतात. ह्याला काळजी नाही असं कसं लिवलं?" आमच्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते. आम्ही शब्दकोश उघडला तो त्यानंतर.

त्या माउलींनी ज्या ठिकाणी बोट ठेवले, तेथेच या शब्दाची खरी गाठ आहे. मराठीत 'काळजी करू नकोस' असे आपण म्हणतो आणि त्याच श्वासात 'काळजी घे' असेही म्हणतो. एकच शब्द, परंतु पहिल्या वाक्यात तो मनाचा घोर आहे आणि दुसऱ्यात हाताने करावयाची जपणूक. केवळ क्रियापदामुळे अर्थ पालटतो. इंग्रजीतील 'केअर'ची कथा याहून फारशी निराळी नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ दुःख, शोक, चिंता असा होता आणि 'केअरफुल' म्हणजे दुःखाने वा चिंतेने भरलेला. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमध्ये, फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात, कशाविषयीही 'केअरफुल' होऊ नका असा उपदेश आढळतो. आजचा विद्यार्थी तो वाचून गोंधळतो. तेथे अभिप्रेत असते ते इतकेच, की चिंता करू नका. पुढे चिंतेचा अर्थ मागे पडला, जपणुकीचा उरला, आणि दहावीचा विद्यार्थी 'बी केअरफुल' हे वाक्य निर्धास्तपणे लिहू लागला.

या कुळातील इतर शब्दांकडे पाहिले असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. 'मेटिक्युलस' हा शब्द आज आपण बारीकसारीक तपशील सांभाळणाऱ्या मनुष्याच्या कौतुकासाठी वापरतो. त्याचे मूळ मात्र भीतीचा अर्थ असलेल्या लॅटिन शब्दात आहे आणि इंग्रजीत आला तेव्हा तो 'भित्रा' या अर्थाने आला. 'स्क्रुप्युलस'च्या पोटात टोचणारा बारीक खडा आहे. 'कॉशस'मध्ये पुढील धोक्याची धास्ती आहे. वापरताना हा भेद पाळावा लागतो: पूर आलेल्या ओढ्यापुढे गाडी थांबवणारा चालक 'कॉशस', तर औषधाची मात्रा मोजून देणारी परिचारिका 'केअरफुल'. पहिल्याचे लक्ष काय होईल याकडे, दुसरीचे लक्ष हातातील कामाकडे. ('डिलिजंट' या शब्दाचे मूळ तेवढे प्रसन्न आहे. त्याच्या लॅटिन धातूचा अर्थ आवडीने निवडणे, मोलाचे मानणे असा होतो. अभ्यासू मुलासाठी हा शब्द आम्हांस म्हणूनच प्रिय आहे.)

आता 'हीड'. हा शब्द जुन्या इंग्रजीतील राखणे, लक्ष ठेवणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला. जर्मन भाषेतील त्याचा भाऊबंद 'ह्यूटन' आजही गुरे राखणे या अर्थाने वापरात आहे. गुराखी झाडाखाली बसलेला असतो, कदाचित पावाही वाजवीत असतो. पण कळपातील एक वासरू बांध ओलांडून उभ्या पिकाकडे वळले की त्याला कळते. तो चिंतेत नसतो, भ्यालेलाही नसतो, जागा असतो. 'हीडफुल'चा अर्थ आम्ही वर्गात याच चित्रावरून शिकवतो.

वापराच्या दृष्टीने दोन-तीन गोष्टी मुलांकडून हमखास चुकतात. 'हीड' हे क्रियापद थेट कर्म घेते. 'हीड द वॉर्निंग' हे शुद्ध, 'हीड टू द वॉर्निंग' हे अशुद्ध. 'टू' लागतो तो 'पे हीड टू' या रचनेत, आणि 'टेक हीड' म्हटले तर पुढे 'ऑफ' येतो. 'हीडफुल'लाही 'ऑफ'च लागतो. वृत्तपत्रात 'द वॉर्निंग वेंट अनहीडेड' असे वाचले तर इशारा पोहोचला होता, पण कोणी तो मनावर घेतला नाही, असे समजावे. ऐकू न येणे निराळे आणि ऐकून न ऐकणे निराळे. 'हीड' दुसऱ्याविषयी बोलतो. रोजच्या बोलण्यात 'हीडफुल' आज फारसा येत नाही, हेही खरे. तरीही आपल्या घरांतील ग्रंथांत तो ठळकपणे भेटतो आणि म्हणून तो आपल्या मुलांस ठाऊक असावा, असे आम्हांस वाटते.

धम्मपदाच्या दुसऱ्या वर्गाचे नाव अप्पमादवग्ग. या 'अप्पमाद' शब्दाला इंग्रजीत काय म्हणावे यावर विद्वानांचे एकमत कधीच झाले नाही. 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' मालेतील १८८१च्या भाषांतरात मॅक्स म्युलर यांनी 'अर्नेस्टनेस' म्हटले. त्याच वर्षी, त्याच मालेत, ऱ्हीस डेव्हिड्स यांनी महापरिनिब्बान सुत्तातील तथागतांच्या अंतिम वचनातील हाच शब्द 'डिलिजन्स' असा उतरवला. डॉ. राधाकृष्णन यांनी १९५०च्या आवृत्तीत 'व्हिजिलन्स' पसंत केला. नारद थेरांनी 'हीडफुलनेस' निवडला. कळकळ, उद्योग, जागरण, अवधान असे चार निरनिराळे अर्थ एका पाली शब्दात सापडावेत, याचे कारण त्याच्या घडणीत आहे. 'प्र' उपसर्ग आणि 'मद्' धातू यांतून प्रमाद होतो. म्हणजे झिंग, धुंदी. अप्पमाद म्हणजे ती नसणे. पंचशीलातील पाचव्या शीलात 'पमादट्ठाना' हा शब्द आपण सारे लहानपणापासून उच्चारीत आलो आहोत, तो हाच. मराठीत मात्र 'प्रमाद' म्हणजे केवळ 'चूक' एवढाच अर्थ उरला, आणि रोज तोंडी असलेल्या शब्दातील नशेचा अर्थ आपल्या कानांना कळेनासा झाला.

कोसलनरेश पसेनदीला दिलेल्या उपदेशात तथागतांनी हत्तीच्या पावलाची उपमा वापरली. जंगलातील इतर सर्व प्राण्यांची पावले हत्तीच्या पावलात मावतात, तसे अप्पमादात उरलेले कुशल मावते. अट्ठकथांनी त्याचा अर्थ स्मृतीचा वियोग न होणे असा केला आहे. धम्मपदाच्या पहिल्या वर्गात प्रमत्त मनुष्याला दुसऱ्याच्या गायी मोजणाऱ्या गुराख्याची उपमा दिलेली आहे, हे वाचताना 'हीड'च्या मुळाशी असलेला तो दुसरा गुराखी आठवून आम्ही क्षणभर थबकलो. दोन भाषा दूरच्या, पण रान एकच. आणि महावंसातील कथेनुसार सम्राट अशोकाने ज्याच्या मुखातून अप्पमादवग्ग ऐकला, तो निग्रोध हा वयाने लहान सामणेर होता. आमच्या पाचवीच्या मुलांना ही गोष्ट विशेष आवडते.

शब्दांचा असा शोध घेणे हे आपल्या परंपरेला अपरिचित नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाली व्याकरण व शब्दकोशाचे काम स्वतः हाती घेतले होते आणि महाराष्ट्र शासनाने ते त्यांच्या ग्रंथसंपदेच्या १६व्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध केले. ज्यांच्या दिवसाला चोवीस तास पुरत नसत, त्यांनी शब्दांसाठी वेळ काढला.

आता त्या मुलाकडे परत येऊ. शब्दकोश मिटल्यावर आमच्या ध्यानात आले, की त्याच्या ठायी 'केअर' भरपूर होती, आणि घरची बहुधा वयाला न पेलणारी होती. उदाहरण सोडवताना मन घराकडे गेले की हातचा सुटत असे. घंटेच्या व शिक्षेच्या धाकाने आम्ही त्याला 'कॉशस' करीत होतो. तो खाडाखोड वाढवीत होता. पुढील सत्रापासून त्याला उदाहरण मोठ्याने बोलत सोडवण्यास सांगितले. सुटी ओळ त्याला स्वतःलाच ऐकू येऊ लागली.

'केअरलेस' हा शेरा आमच्या विभागाने त्या वर्षापासून बंद केला. त्याऐवजी काय चुकते ते मराठीत, एका पूर्ण वाक्यात लिहावयाचे असे ठरले: 'वजाबाकीत हातचा मांडावयाचा राहतो', 'प्रश्न पूर्ण वाचण्याआधी उत्तर लिहितो'. काही सहकाऱ्यांचा याला विरोध होता आणि त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. चाळीस मुलांची प्रगतिपुस्तके लिहावयास आता दोन दिवस अधिक लागतात.