घामाला वास नसतो

शीर्षक वाचून कोणी हसेल. मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. सूक्ष्मजंतूंचे शास्त्र हा काही माझा विषय नव्हे. परंतु ‘यांच्या अंगाला वास मारतो’ हे वाक्य मजुरी करणाऱ्या माझ्या आईवडिलांनी एस.टी.त, बाजारात इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याच्या मुळाशी जावेसे वाटले.

आपल्या त्वचेत घामाच्या ग्रंथी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या जवळजवळ सर्वांगावर पसरलेल्या. उन्हात खुरपताना, ओझे वाहताना अंगावरून निथळतो तो प्रामुख्याने यांचा घाम. तो म्हणजे बहुतांशी मीठ-पाणी. शरीर थंड ठेवणे हे त्याचे काम. दुसऱ्या ग्रंथी काखेत व जांघेत असतात आणि वयात आल्यावर कार्य करू लागतात. भीतीने, ताणानेही त्या स्रवतात. (परीक्षेच्या हॉलमध्ये सर्वांच्याच!) पण हा स्रावही ताजा असताना जवळजवळ गंधहीनच असतो.

मग वास येतो कोठून? येथे एका सूक्ष्मजंतूची ओळख करून घेतली पाहिजे. त्याचे नाव स्टॅफिलोकॉकस होमिनिस. ग्रीक भाषेत ‘स्टॅफिले’ म्हणजे द्राक्षांचा घोस. सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू तसेच दिसतात. क्लूस व श्लायफर या शास्त्रज्ञांनी १९७५ साली ही जाती वेगळी म्हणून वर्णिली. निरोगी त्वचेवर हा जंतू सहसा निरुपद्रवी असतो. काखेतील स्रावातला एक गंधहीन पदार्थ तो आपल्या पेशीत घेतो, एन्झाइमच्या साहाय्याने फोडतो, आणि उग्र वासाचे गंधकयुक्त द्रव्य बाहेर पडते. हे एन्झाइम कोणते व ते कसे कार्य करते, हे इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले.

‘होमिनिस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘माणसाचा’. मजुराचा की मालकाचा, असा भेद त्या नावात नाही आणि जंतूही तो करीत नाही.

फरक पडतो तो इतरत्र. अंघोळीला पाणी आणि अंगावर धुतलेला कपडा मिळाला की वास कमी होतो. म्हणजे हा प्रश्न बराचसा पाण्याचा आहे. ज्या समाजाला १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यालाच पिढ्यान् पिढ्या ‘अस्वच्छ’ म्हणून हिणवले गेले. पाणी अडवणारे मात्र स्वच्छ ठरले!

तेव्हा मित्रहो, कोणाला स्वच्छतेचा उपदेश करण्यापूर्वी त्याच्या घरी पाणी किती लांबून आणावे लागते, एवढे तरी आपण विचारू या.