सुका बर्फ आणि आपली मासळी

बांधवांनो, कारवारहून अळणावरला मासळी धाडताना सुका बर्फ घालावा का? हा बर्फ पाण्याचा नाही, कार्बन डायऑक्साइडचा. वायू दाबून पातळ करतात नि बारीक तोंडातून एकदम सोडतात. थोडा उडून जातो, जाताना उरलेल्याची उष्णता ओढून नेतो. मागे भुगा राहतो, तो दाबून लाद्या. १८३५ साली फ्रान्सच्या थिलोरिये यांनी हे दाखवलं. थंडावा उणे ७८ अंश! ताज्या मासळीला थेट लावलात तर ती गोठलीच समजा, तिला आपला साधा बर्फच बरा. फ्रोजन मालाला मात्र झकास, पाणी होतच नाही. पण सुटलेला वायू बंद गाडीत साठतो, वास येत नाही, माणूस गुदमरतो. लाद्या केबिनमध्ये नकोत, काच उघडी ठेवा, पेटी हवाबंद करू नका, फुटेल. हातमोजे घालाच.