मूळ फोटो जवळ ठेव

ओझर (मिग), ता. निफाड

चि. सोनूस,


परवा रात्री ताईचा फोन आला. तुझं नाव तिसरं असलेल्या पेपरवर कुणीतरी शंका काढलीय, एकाच ब्लॉटचा, म्हणजे त्या प्रथिनांच्या पट्ट्यांचा, फोटो दोन आकृत्यांत आहे म्हणे, आणि जर्नलची मेल आलीय. याहून जास्त तिला सांगता येईना. तू फोन उचलत नाहीस. शेजारचा मुलगा उद्या पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे देतो.

आधी हे सांग, मूळ फोटो तुझ्याजवळ आहेत ना? मशीनमधून निघालेल्या, न कापलेल्या फाइली आणि त्या दिवसाची वहीची पानं? असतील तर आजच प्रत काढून ठेव. नसतील तर ‘नाहीत’ असं लिहून दे. पण नवा ब्लॉट करून तोच जुना म्हणून पाठवू असं कुणी म्हणालं, तर तिथून उठून सरळ घरी ये.

मेल आली म्हणजे सगळं संपलं असं नाही गं. १९९७ साली ब्रिटनमध्ये ‘कोप’ नावाची समिती सुरू झाली, बरीचशी जर्नलं तिचे नियम पाळतात. संपादक आधी लेखकांकडे खुलासा आणि मूळ नोंदी मागतात. समाधान झालं नाही तर संस्थेला चौकशी करायला सांगतात. चूक छोटी आणि निष्कर्ष शाबूत असेल तर दुरुस्ती छापतात. चौकशी रेंगाळली तर पेपरवर चिंतेची सूचना लावतात. निष्कर्षावर भरवसाच उरला नाही तर पेपर मागे घेतात, मग चूक प्रामाणिक का असेना. मागे घेतलेला पेपर सहसा पुसून टाकत नाहीत. तो शिक्क्यासह तिथेच राहतो आणि कारणाची नोटीस शेजारी लागते. हे लेखकाला शिक्षा म्हणून नसतं, पुढच्या वाचणाऱ्याची फसगत होऊ नये म्हणून असतं.

पुण्यातलंच बघ. राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातल्या एका गटाचा २००५चा पेपर ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’त आला होता. त्यातले ब्लॉट त्याच गटाच्या आधीच्या पेपरातले आहेत, असा आरोप झाला. जर्नलने २००७ साली पेपर मागे घेतला. इकडे संस्थेच्या चौकशीत जी. पद्मनाभन यांच्या समितीने फेरफार झालेला नाही असा निर्वाळा दिला. पेपर मात्र मागे घेतलेलाच राहिला. जर्नलचा निकाल वेगळा, संस्थेचा वेगळा. म्हणून म्हणतो, उद्या कोण काय ठरवेल ते आपल्या हातात नाही. मूळ फोटो तेवढे आहेत.

रागावू नकोस, पण हेही बोलतोच. आकृती न बघता पेपरवर नाव कसं जाऊ दिलंस? ‘सरांनी पाठवला’ हे उत्तर ताईला चालेल, मला नाही. तिसरं नाव असलं तरी संपादक तुलाही विचारू शकतात. आणि २०२३ साली जगभरात दहा हजारांवर पेपर मागे घेतले गेले, त्यातले आठ हजारांवर एकट्या हिंदावी प्रकाशनाचे. आता कुणी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही.

ओझरला यायच्या आधी मी सातपूरला एका छोट्या कारखान्यात होतो, तुला माहीतच आहे. तिथे माझ्याबरोबर एक मुलगा होता. साहेबाने सांगितलं म्हणून मायक्रोमीटर न लावताच त्याने रिपोर्टात मापं भरली. माल परत आला तेव्हा अक्षर त्याचं, सही त्याची. साहेबाचं नाव कुठेच नव्हतं. त्याला काढलं. आम्ही कुणी त्याच्या घरी गेलो नाही. मी तरी जायला हवं होतं. अजून रात्री आठवतं.

तुझं तसं होऊ द्यायचं नाही मला. सरांशी भांडू नकोस. त्यांना मेलवर विचार, तोंडी नको, की ही आकृती कुणी जोडली आणि मूळ फाइली कुठे आहेत. तुझं स्वतःचं उत्तर तू लिही, कुणी लिहून दिलेल्यावर सही करू नकोस. पेपर गेला तर जाऊ दे. पीएच.डी. वर्षभर लांबली तरी चालेल, फेलोशिप थांबली तर मी आहे. तुझ्या मामीला विचारून लिहितोय हे.

ताईला एवढंच सांगितलंय की मी बघतो. तू जेवतेस ना वेळेवर? शनिवारी नाशिकची एसटी पकड आणि फाइली घेऊन ये. दहाव्या मैलावर उभा राहीन, कितीही उशीर झाला तरी. आणि आधी एक फोन कर, काही बोलली नाहीस तरी चालेल.

तुझा,
मामा