शाईत काय आहे? वनस्पतिजन्य शाई आणि पुनर्निर्मित कागद

मुंबईच्या गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले, तेव्हा जुन्या वळणाची मंडळी छापील कागदास हात लावण्यास कचरत असत. छपाईच्या शाईत चरबी असते, ही त्यांची शंका होती. ती अगदीच निराधार नव्हती. शिळेवर लिहिण्यासाठी लागणाऱ्या शाईत चरबी व साबण घालण्याची रीत युरोपात होतीच. गणपत कृष्णाजींनी खटपट करून यंत्राची जुळवाजुळव केली आणि शाईही स्वतः प्रयोग करून बनविली. ‘शाईत काय आहे?’ हा प्रश्न महाराष्ट्राने असा छपाईच्या आरंभीच विचारला होता. तो त्या वेळी धर्मभावनेतून विचारला गेला. आज तोच प्रश्न आरोग्य, पाणी आणि हवा यांच्यासाठी विचारण्याची वेळ आली आहे.

शाईची घडण

छपाईच्या शाईचे घटक मुख्यतः तीन. पहिला रंगद्रव्य, काळ्या शाईत ते काजळीच्या रूपात असते. दुसरा ते रंगद्रव्य कागदापर्यंत वाहून नेणारे तेल व राळ. तिसरा शाई वाळण्यास किंवा नीट पसरण्यास मदत करणारी पूरक द्रव्ये. वनस्पतिजन्य शाई म्हणजे जिच्या तेलात जवस, सोयाबीन यांसारख्या वनस्पतींच्या तेलाचा वाटा आहे अशी शाई. तिचे रंगद्रव्य मात्र बहुधा नेहमीचेच असते. त्यामुळे ‘वनस्पतिजन्य’ या एका शब्दाने शाई सर्वस्वी निर्धोक ठरत नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

ही शाई नवी नाही. युरोपातील आरंभीचे मुद्रक जवसाचे तेल उकळून त्यात काजळी खलीत असत. पातळ थरात पसरलेले जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. खनिज तेलात हा गुण नाही. ते कागदात नुसते मुरते. वृत्तपत्र वाचून झाल्यावर बोटे काळी होतात, त्याचे कारण हेच. विसाव्या शतकात खनिज तेल स्वस्त व मुबलक झाले, वेगवान यंत्रांना ते सोयीचे वाटले, आणि जुने तेल मागे पडले.

अमेरिकेतील अनुभव

१९७० नंतरच्या दशकात खनिज तेलाच्या किमती भडकल्या आणि अमेरिकेतील वृत्तपत्रांना पर्याय शोधावा लागला. आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथील ‘गॅझेट’ या दैनिकाने १९८७ साली सोयाबीन तेलाच्या शाईवर अंक छापून पाहिला. सोयाबीनचे तेल फिके असल्याने रंग अधिक उजळ दिसतात, हे ध्यानी आले, आणि रंगीत छपाईसाठी ही शाई लवकरच रुळली. १९९४ साली अमेरिकेने सरकारी छपाईसाठी कायदाच केला. त्यानुसार वृत्तपत्री शाईत किमान ४० टक्के, सुट्या तावांच्या व नमुना-प्रपत्रांच्या शाईत २० टक्के आणि उष्णतेने वाळणाऱ्या शाईत १० टक्के वनस्पती तेल असावे असे ठरले.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. ‘सोयाबीनची शाई’ म्हणजे निव्वळ सोयाबीन तेल नव्हे, ही पहिली. सर्वांत मोठा गिऱ्हाईक जे शासन, त्याने मागणीतच अट घातली म्हणजे बाजार त्या दिशेने वळू शकतो, ही दुसरी.

या शाईला मर्यादाही आहेत. ती सावकाश वाळते. छापलेले ताव घाईने रचले तर एकाची शाई दुसऱ्याला लागते. म्हणून छापखान्याला पुरेशी मुदत द्यावी लागते. शिवाय छापखान्यात उडून जाणारी बाष्पे केवळ शाईतून येत नाहीत. ऑफसेट यंत्राच्या पाण्यात मिसळलेले अल्कोहोल आणि रूळ पुसण्याचे रॉकेलसदृश द्रावक यांचा त्यातील वाटा मोठा असतो. ती कामगारांच्या श्वासावाटे शरीरात जातात. शाई बदलली पण रूळ पुसण्याचे द्रव्य तेच राहिले, तर सुधारणा अर्धीच झाली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने विचार करता विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीन हे प्रमुख पीक आहे, आणि विदर्भात जवसाची परंपरा जुनी आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा मोठा भाग आजही आयात करावा लागतो. त्यामुळे रंग व वार्निश यांच्या उद्योगात पूर्वापार वापरले जाणारे जवसाचे तेल हा शाईसाठी अधिक विचारात घेण्याजोगा पर्याय आहे.

रद्दीपासून कागद

रद्दी पाण्यात घुसळून तिचा लगदा करतात. टाचण्या, दोरे, प्लॅस्टिक चाळून काढतात. मग साबणासारखी द्रव्ये घालून लगद्यातून हवेचे बुडबुडे सोडतात. सुटलेले शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि फेसाबरोबर काढून टाकले जातात. प्रत्येक फेऱ्यात कागदाचे तंतू आखूड होतात. पाच-सात फेऱ्यांनंतर ते निकामी ठरतात, म्हणून लगद्यात अधूनमधून ताजे तंतू मिसळावेच लागतात. मुखपृष्ठावर प्लॅस्टिकचा चकचकीत पापुद्रा चढविला असेल, तर तो कागद पुन्हा वापरात आणणे कठीण होते.

टाकाऊतून कागद करण्याची विद्याही या भूमीस परकी नाही. दौलताबादजवळील कागजीपुरा आणि जुन्नर येथील हातकागद एके काळी नावाजलेला होता. पुण्यात के. बी. जोशी यांच्या पुढाकाराने १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली. सुती चिंध्या हा अशा कागदाचा उत्तम कच्चा माल होय, आणि त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील हातकागदावर काजळीच्या शाईने लिहिलेले मोडी कागद आजही वाचता येतात. टिकाऊपणाचा याहून बोलका पुरावा नाही.

यावरून कामानुसार कागद हे सूत्र निघते. पत्रके, सूचना, कच्च्या प्रती यांस रद्दीचा पुनर्निर्मित कागद पुरेसा आहे. जन्म-मृत्यूच्या व मालमत्तेच्या नोंदवह्यांसाठी मात्र दीर्घकाळ टिकणारा, आम्लरहित कागदच निवडावा.

भजी आणि वृत्तपत्र

या विषयाचा सर्वांशी निकटचा संबंध येतो तो खाद्यपदार्थांच्या पुड्यात. गरम, तेलकट भजी वृत्तपत्रात बांधली की शाईतील द्रव्ये तेलात उतरतात. २०१० च्या सुमारास झुरिच येथील शासकीय अन्न प्रयोगशाळेच्या तपासण्यांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. छापील रद्दीपासून केलेल्या पुठ्ठ्यातील खनिज तेल कोरड्या धान्यपदार्थांतही शिरते. फ्रान्सने २०२० च्या कायद्याने अशा तेलाच्या शाईवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. भारतातही अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनुसार अन्न बांधण्यास वृत्तपत्र वापरण्यास मनाई आहे. २०२३ साली प्राधिकरणाने विक्रेत्यांना व ग्राहकांना याची पुन्हा आठवण दिली. शाई सोयाबीनची असली तरी हा नियम शिथिल होत नाही. गावच्या बाजारात व शाळेच्या फाटकाशी तो पाळला जातो की नाही, हे पाहणे पंचायतीला सहज शक्य आहे.

मागणी नोंदविताना

कार्यालये, शाळा व पंचायती यांनी छपाई करून घेताना पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात.

१. किती प्रती खरोखर लागतील ते आधी मोजावे. न छापलेला कागद हाच सर्वांत निर्दोष कागद.

२. शाईतील तेल कोणते, त्यात वनस्पती तेलाचा वाटा किती, हे दरपत्रकात लेखी मागावे.

३. कागदात रद्दीच्या तंतूंचे प्रमाण किती, तेही नमूद करून घ्यावे.

४. आवश्यकता नसेल तेथे प्लॅस्टिकचा पापुद्रा व पानभर गडद रंग टाळावेत.

५. कार्यालयाची रद्दी कोरडी व वेगळी साठवावी. ओली, मळकी रद्दी कागद करण्यास उपयोगी पडत नाही.

६. शाईने माखलेल्या चिंध्या व द्रावक गटारात जाणार नाहीत, अशी हमी छापखान्याकडून घ्यावी.

शिक्षकांसाठी एक प्रयोग

काचेच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एकीवर जवसाच्या तेलाचा व दुसरीवर यंत्राच्या वंगणतेलाचा अगदी पातळ थर द्यावा. धूळ बसणार नाही अशा हवेशीर जागी त्या ठेवून रोज निरीक्षण नोंदवावे. आठ-पंधरा दिवसांत जवसाचे तेल चिकट होऊन पुढे घट्ट होऊ लागते. वंगणतेल ओलेच राहते. शाईतील तेलाने काय फरक पडतो, हे विद्यार्थ्यांस व्याख्यानापेक्षा या दोन काचा अधिक चांगले सांगतील.

दोन शतकांपूर्वीच्या वाचकाने शंका घेतली आणि मुद्रकाला उत्तर शोधणे भाग पडले. मागणीपत्र लिहिणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या, मुख्याध्यापकाच्या आणि सरपंचाच्या हाती आज तेच सामर्थ्य आहे. मागणीपत्रात शाई व कागद यांविषयीच्या दोन ओळी वाढवायला खर्च येत नाही. पण त्या दोन ओळींवर छापखान्यातील कामगाराचा श्वास, गावच्या ओढ्याचे पाणी आणि मुलांच्या हातातील पुस्तक यांचे हित अवलंबून आहे.