वीस शाळांचा दौरा

‘संगणक तर आम्हाला चालवता येतो, मग त्यात एम.एस्सी. किंवा एम.टेक. करून आणखी काय शिकायचे?’ असे मला वर्गात नेहमी विचारतात. आता आज्ञावलीही यंत्रच लिहून देते, तेव्हा प्रश्न रास्त आहे.

कानपूरच्या आय.आय.टी.त १९६३ साली आय.बी.एम. १६२० हा संगणक आला. तेथे या विषयाचा एम.टेक. १९७१ साली सुरू झाला आणि बी.टेक. मात्र १९७८ साली! म्हणजे कळस आधी, पाया मागाहून. विषयातली पहिली पदवीच तेथे नव्हती, त्यामुळे विद्यार्थी इतर शाखांतून येत. (आम्हा भौतिकीवाल्यांना ही गोष्ट ऐकायला बरी वाटते.) ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर, डेटाबेस हे विषय पदव्युत्तर अभ्यासक्रमात असतातच, पण त्याचा गाभा वेगळा आहे. तो एका उदाहरणाने पाहू.

समजा, शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांना कचेरीतून निघून २० शाळा पाहायच्या आहेत व परत कचेरीत यायचे आहे. कोणत्या क्रमाने गेल्यास अंतर सर्वांत कमी पडेल? सरळ रीत म्हणजे सगळे क्रम तपासणे. ५ शाळांचे क्रम ५×४×३×२×१, म्हणजे १२०. १० शाळांचे ३६,२८,८००. २० शाळांचे किती? २४३ लिहून पुढे १६ शून्ये मांडा, सुमारे तितके. सेकंदाला १०० कोटी क्रम तपासणाऱ्या यंत्रालाही ७७ वर्षे लागतील. तोवर साहेब केव्हाच निवृत्त झालेले असतील! बरे, यंत्र हजारपट वेगवान घेतले तर हे काम २८ दिवसांत उरकते. पण शाळा २३ झाल्या की त्यालाही ८०० हून अधिक वर्षे लागतात.

आता दुसरी रीत पाहा. ती १९६२ साली बेलमन यांनी, तसेच हेल्ड व कार्प यांनी मांडली. समजा क, ख, ग या शाळा पाहून साहेब घ शाळेत पोचले. आधीच्या तीन शाळांचे क्रम ६ होतात. पण पुढची वाट सहाही बाबतींत सारखीच आहे. तेव्हा सहांपैकी सर्वांत कमी अंतराचा एक क्रम ठेवून बाकीचे पाच खोडून टाकले तरी काही बिघडत नाही. प्रत्येक टप्प्यावर अशी काट मारत गेले की २० शाळांना सुमारे २०×२० गुणिले २ चा २० वा घात, म्हणजे ४२ कोटी पायऱ्या पुरतात. आपल्या पहिल्याच यंत्रावर हे काम अर्ध्या सेकंदाच्या आत होते! यंत्र बदलले नाही, रीत बदलली.

पण ६० शाळा घेतल्या तर या रीतीनेही सव्वा लाखाहून अधिक वर्षे लागतात. मग अशा प्रश्नांना आवाक्यात राहणारी एखादी रीत असेल का? की ती असूच शकत नाही? १९७१ साली, कानपूरचा एम.टेक. सुरू झाला त्याच वर्षी, टोरांटो विद्यापीठातील स्टीफन कुक यांनी हा प्रश्न गणिताच्या भाषेत नेमका मांडला. क्ले गणित संस्थेने २००० साली त्यावर १० लाख डॉलरचे पारितोषिक लावले. ते अजून कोणाला मिळालेले नाही.

घरी करून पाहा : तुमच्या गावातील चार ठिकाणे घ्या आणि प्रत्येक दोन ठिकाणांमधले अंतर पावलांनी मोजा, घरापासूनचेही मोजा. मग घरातून निघून घरीच परतण्याचे २४ क्रम लिहा आणि घ शाळेची युक्ती वापरून त्यांतील किती क्रम मध्येच खोडता येतात ते मोजा.