चोवीसने गुणायचं थांबवा

प्रश्न : मी मूळचा संगमेश्वरचा, वय ३१. पुण्यात एसी मेंटेनन्सच्या कामात आठ वर्षं काढली. आता दुबईत सुपरवायझरची नोकरी मिळाली आहे. पगार ६,५०० दिरहम. पुढच्या महिन्यात निघायचं आहे. तिकडच्या पैशाचं काहीच कळत नाही म्हणून लिहितोय. जाताना रुपये न्यावेत की दिरहम, आणि किती? सध्या दिरहम २४ रुपयांच्या आसपास आहे, तर भाव आणखी वर जाईपर्यंत पैसे तिकडेच साठवावेत का? मामेभाऊ तिथे सहा वर्षं आहे. त्याच्या ओळखीचा एक जण बँकेपेक्षा चांगला भाव देतो आणि त्याच दिवशी घरी रोख पोचवतो. हे चालेल का?

आणखी एक. मामेभाऊ म्हणतो, सहा महिने झाले की तिथली बँक पगारावर कर्ज देते, व्याजही आपल्यापेक्षा कमी. ते उचलून घरी पाठव. अप्पांचं सोसायटीचं कर्ज आणि ताईच्या लग्नात गहाण ठेवलेलं सोनं मिळून सहा लाख आहे, ते फिटेल आणि उरलेल्यात रत्नागिरीत फ्लॅट बुक होईल. आई रोज विचारते, महिन्याला किती पाठवशील? तिला काय सांगू?
– स. म., संगमेश्वर

उत्तर : तुम्ही तीन प्रश्न विचारलेत आणि चौथा ‘आणखी एक’ म्हणून शेवटी टाकलात. माझ्याकडे येणारी पत्रं बहुतेक अशीच असतात. खरं दुखणं शेवटच्या ओळीत असतं. तुम्हाला चलन कळत नाही, ही अडचण फार मोठी नाही. दुबईत पंधरा दिवस वाणसामान आणलंत की कळेल. तुम्हाला घाई आहे ती घरचं सोनं सोडवायची, आणि त्या घाईत तुम्ही जे करायला निघालात त्याबद्दल मला बोलायचं आहे. आधी किरकोळ गोष्टी उरकते.

रुपये नेऊ नका. २५,००० पर्यंत न्यायला परवानगी आहे, पण तिथे ते विकताना भाव वाईट मिळतो. पहिला पगार हातात यायला वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडी, बँक खातं यात महिना-दीड महिना सहज जातो. तेवढ्यासाठी २,००० दिरहमची सोय करा. त्यातले पाच-सातशे नोटांमध्ये, बाकी फॉरेक्स कार्डावर. नोटा बँकेतून किंवा परवानाधारक मनी चेंजरकडून घ्या आणि पावती जपून ठेवा. विमानतळावरच्या खिडकीवर मात्र जाऊ नका.

नाण्यांची एक गंमत सांगते. नोटेच्या एका बाजूला इंग्रजी आकडे असतात, नाण्यांवर मात्र अरबी. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यामुळे पन्नास फिल्सचं नाणं पहिल्यांदा हातात आलं की आपला माणूस चक्रावतो. ते सात कोनी असतं आणि पंचवीसचं गोल, हे लक्षात ठेवलंत की झालं. शंभर फिल्सचा एक दिरहम, आपल्या पैशांसारखाच.

ओळखीच्या माणसाकडून घरी रोख : हा हवाला आहे. परकीय चलनाच्या फेमा कायद्याचं उल्लंघन. विषय संपला.

भाव वाढायची वाट पाहणं : नको. दिरहम १९९७ पासून अमेरिकन डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. म्हणजे दिरहम आपल्या जागी उभा असतो आणि रुपया खाली-वर होतो. रुपया उद्या कुठे असेल हे मी पंचवीस वर्षं हे काम करूनही सांगू शकत नाही. तुमच्या मामेभावालाही ते ठाऊक नाही. इकडे सोन्याच्या तारणावर व्याज चढत असताना तिकडे भावातल्या चार आण्यांसाठी थांबणं, हा कुठला हिशोब?

निघण्याआधी बँकेत एक फेरी मारा. नोकरीसाठी देश सोडला की फेमाच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी होता. त्यामुळे सध्याचं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं आणि तिकडच्या पगारासाठी वेगळं एनआरई खातं उघडावं लागतं. एनआरईतल्या व्याजावर भारतात कर नाही आणि त्यातले पैसे केव्हाही परत बाहेर नेता येतात. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस आणि वर उपकर. आणि भारतातलं सिमकार्ड रिचार्ज करत राहा. ओटीपी त्यावरच येतात, आणि निम्मे लोक हे विसरतात.

आता कर्जाकडे येऊ.

तुमचा मामेभाऊ खोटं बोलत नाही, आणि म्हणूनच तो धोकादायक आहे. तिथल्या बँका पगारदाराला खरोखर चटकन कर्ज देतात. अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेचा नियम असा : वैयक्तिक कर्ज जास्तीत जास्त पगाराच्या वीसपट, मुदत जास्तीत जास्त ४८ महिने, हप्ते पगाराच्या निम्म्याहून अधिक नाहीत. तुमच्या पगारावर वीसपट म्हणजे १,३०,००० दिरहम. इथेच माणूस चोवीसने गुणतो आणि ३१ लाख २० हजार हा आकडा डोळ्यांपुढे नाचायला लागतो. सहा लाख फेडले तरी पंचवीस लाख हातात! हप्ता तीन हजार दिरहमच्या आसपास, तो तर पगारातून जाईल. संगमेश्वरात बसून हे फार सोपं वाटतं.

व्याजाचं आधी बघा. तिकडे जाहिरातीत पुष्कळदा फ्लॅट रेट लिहितात. फ्लॅट चार टक्के म्हणजे आपल्या घटत्या शिलकीच्या हिशोबाने साडेसात टक्क्यांच्या आसपास. ‘आपल्यापेक्षा कमी’ म्हणतात ते इतकंच कमी. पण व्याज ही खरी भानगड नाही. पगार चालू आहे तोवर दिरहममध्ये कमवायचं आणि दिरहममध्येच फेडायचं, त्यात काही बिघडत नाही. लोक बुडतात ते पगार थांबतो त्या महिन्यात.

मी पाहिलेलं एक प्रकरण सांगते. नाव-गाव सोडा. कोकणातलाच माणूस, तुमच्याच वयाचा. कर्ज काढून पैसे गावी पाठवले, चालू बांधकामात फ्लॅट घेतला. दोन वर्षांनी कंपनीचं कंत्राट संपलं आणि पंधरा जणांबरोबर यालाही घरी बसवलं. तुमच्या आकड्यांत मांडते. ४८ पैकी २४ हप्ते भरून झालेत, आपल्याला वाटतं निम्मं कर्ज फिटलं. साडेसात टक्क्यांनी अजून जवळजवळ ७०,००० दिरहम बाकी असतात. ग्रॅच्युइटी मिळते, पण ती मूळ पगारावर, पहिल्या पाच वर्षांत वर्षाला २१ दिवसांची. मूळ पगार ३,००० धरला तर दोन वर्षांचे ४,२०० दिरहम. तेही खात्यात पडतात तेव्हा अनेकदा हाती लागत नाहीत. शेवटचा हिशोब जमा झाला हे दिसताच बँका कर्जापोटी खातं रोखून धरतात. बँकेच्या नजरेत त्याचा अर्थ एकच, माणूस आता निघाला.

उरलेले पासष्ट हजार दिरहम कुठून आणायचे? पगार नाही. व्हिसा नोकरीला जोडलेला, तो रद्द व्हायच्या वाटेवर. पैसे आहेत ते रत्नागिरीत विटा-सिमेंट होऊन बसलेले. आता दिरहम रुपयांतून विकत घ्यावे लागतात, आणि त्या दिवशी जो भाव असेल त्याच भावाने. २०११ च्या जुलैत डॉलर ४४ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे दिरहम बारा रुपये. त्या वेळी एक लाख दिरहम उचललेल्या माणसाच्या घरी बारा लाख आले. २०१३ च्या ऑगस्टअखेर डॉलर ६८ च्या वर गेला आणि दिरहम साडेअठरावर. बारा लाख नऊ टक्क्यांनी बँकेत ठेवले असते तरी दोन वर्षांत सव्वाचौदा लाख झाले असते, आणि तेच एक लाख दिरहम परत करायला अठरा लाखांहून जास्त लागले असते. पुढे रुपया थोडा सावरला, पण नोकरी गेलेला माणूस सावरण्याची वाट बघू शकत नाही. कमाई, कर्ज आणि मालमत्ता या तिन्हींची चलनं जुळत नसतील तर कमाई थांबल्यावर गाठ आवळली जाते.

दुबईला हे आपल्याआधी कळलं. तुमच्या आजोबांच्या काळात तिथे भारतीय रुपयाच चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या. ६ जून १९६६ ला भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ वरून साडेसात रुपयांवर गेला. रुपयांत साठवणाऱ्या तिथल्या व्यापाऱ्याची पुंजी एका रात्रीत तिसऱ्या हिश्शाने कमी झाली. त्याच वर्षी दुबईने रुपया सोडला आणि कतारबरोबर रियाल घेतला. दिरहम आला १९७३ मध्ये.

‘नाहीच जमलं तर विमानात बसून गावी येईन,’ असं मनात आलं असेल तर ते काढून टाका. बँक दाव्याला गेली तर देश सोडायला बंदी येऊ शकते. कर्ज देताना घेतलेला चेक न वटणं २०२२ पासून बहुतेक वेळा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, हे खरं. पण त्याच चेकवर बँक आता थेट वसुलीच्या अंमलबजावणीला जाऊ शकते. आणि समजा सुटून आलात. १७ जानेवारी २०२० ला भारत सरकारने अधिसूचना काढून संयुक्त अरब अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली घेतलं. त्यामुळे दुबईच्या न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा आता रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात जणू तिथलाच असल्यासारखा अंमलात आणता येतो. पूर्वी लोक मुंबईला उतरले की सुटल्यासारखे वागायचे. मी सांगितलेल्या गृहस्थांनाही तसंच वाटलं होतं. आज त्यांचा फ्लॅट नाही, आणि वडिलांची कलमांची बाग विकून उरलेलं भरलं. ते काका माझ्या टेबलासमोर बसून कागदावर सही करत होते, आणि मुलगा बाहेर पायऱ्यांवर उभा होता. आत यायला तयार नव्हता.

म्हणून तिथलं कर्ज भारतात पाठवायला काढू नका. सहा महिन्यांनी नको, दोन वर्षांनीही नको. क्रेडिट कार्डावरून रोख काढणं हे त्याचंच धाकटं भावंड, तेही नको.

आता तुम्ही विचारायला हवा होता तो प्रश्न : ६,५०० मधले खरोखर माझे किती? हिशोबासाठी धरू. खोलीत वाटा किंवा बेडस्पेस १,३००, जेवण ८००, फोन-प्रवास-बारीकसारीक ४००. कंपनी राहायला देत असेल तर उत्तमच. उरले ४,०००. त्यातले १,५०० तिथेच, दिरहममध्ये, हात न लावता. दहा महिन्यांत १५,००० होतील, म्हणजे सहा महिन्यांचा तिथला खर्च. तोवर घरच्या कुणाच्याही फोनवर त्या पैशाचा उल्लेख करायचा नाही. अमिरातीत २०२३ पासून नोकरी जाण्याचा विमा सक्तीचा आहे, तुमच्या पगारगटाला महिना पाच दिरहम. सलग बारा महिने भरल्यावर तीन महिन्यांपर्यंत मूळ पगाराच्या ६० टक्के मिळतात. हप्ता चुकवू नका.

राहिले २,५०० दिरहम. आईला सांगायचा आकडा हा : साठ हजार रुपये. ६,५०० गुणिले २४ करून आलेला दीड लाखाचा आकडा घरात, गावात, भावकीत कुणाला सांगू नका, कारण मागणी त्या आकड्यावर येते. साठातले वीस घरखर्चाला, चाळीस कर्जाला. आधी सोन्याचं, मग सोसायटीचं. सोसायटीच्या पीककर्जावर वेळेत फेडलं तर व्याजसवलत मिळते, म्हणून त्याची तारीख अप्पांना विचारून लिहून ठेवा. असं केलंत तर दीड वर्षात सहा लाख फिटतात. मामेभावाच्या वाटेने त्यासाठी चार वर्षं हप्ते भरायचे होते.

फ्लॅटचं नंतर बघू. रिकामी खोली घरी आहे ना?

आणि गुणाकाराबद्दल. दोन दिरहमचा चहा प्यायलात की ‘अठ्ठेचाळीस रुपये!’ म्हणून घसा कोरडा पडतो, आणि पगाराच्या दिवशी त्याच चोवीसने आपण श्रीमंत होतो. दोन्ही भास. पहिले दोन महिने एका वहीत फक्त दिरहम लिहा. रुपये लिहायचे ते पैसे पाठवाल त्या दिवशी, आणि तेही हातात आलेले. दर किती, फी किती आणि घरी पोचले किती, हे तीन आकडे दोन-तीन एक्स्चेंज हाऊसच्या ॲपवर ताडून बघा. ‘शून्य फी’ लिहिलेलं असतं तिथे कमाई दरातून काढलेली असते.

शेवटी, तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही. ६,५०० पैकी मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ग्रॅच्युइटी, विमा सगळं मूळ पगारावर ठरतं, आणि अनेक कंपन्या तो निम्म्याहून खाली ठेवतात. ऑफर लेटर आज काढून बघा. राहण्याची सोय कंपनीची की भत्त्यात धरलेली, हेही त्यातच असेल. सही करायच्या आधी दोन्ही मला कळवा, आणि सही करून झाली असेल तर तसंही कळवा.